खालची तार

जावयाने मुलीच्या कानाखाली अशी वाजवली की कानाचा पडदाच फाटला. डॉक्टरने विचारलं तेव्हा मुलगी म्हणाली, बाथरूममध्ये पाय घसरला. तारमास्तर, म्हणजे तिचा बाप, शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत होता. पाय घसरला तर गालावर पाच बोटं कशी उमटतात, हे डॉक्टरने विचारलं नाही आणि बापानेही नाही. बापाने का नाही विचारलं, याची लाज त्याला पुढे पंधरा दिवस जाळत राहिली.

तारमास्तर हे काही त्याचं खरं नाव नव्हे, आणि उभ्या जन्मात त्याने कुणाला तार केलेली नव्हती. कारखान्यात फिटर होता, निवृत्त झाला, आणि विमानांच्या क्लबात तारांचं काम त्याच्याकडे आलं म्हणून हे नाव चिकटलं. क्लब म्हणजे बंद गोदामामागचं मैदान, एक पत्र्याची शेड आणि आकाशाकडे बघून बघून माना अवघडलेली पंधरा-वीस माणसं. त्यांतल्या बहुतेकांनी खऱ्या विमानात पाय ठेवला नव्हता. अध्यक्षाला सगळे कॅप्टन म्हणत, आणि तो पोस्टात पार्सलं तोलून निवृत्त झालेला. पण डोक्यावरून विमान गेलं की कॅप्टन नुसत्या आवाजावरून इंजिन ओळखायचा, आणि ताट वाढलेलं असलं तरी ते दिसेनासं होईपर्यंत हलायचा नाही. असल्या वेड्यांच्या बाजारात तारमास्तर सुखी होता.

त्यांची छोटी विमानं रिमोटवर उडत नसत. हातभर विमान, त्याला दोन बारीक पोलादी तारा, तारांच्या टोकाला हँडल, आणि ते धरून रिंगणाच्या मध्यभागी गरगर फिरणारा माणूस. वरची तार ओढली की विमान चढतं, खालची ओढली की उतरतं. रविवारी त्यांची झुंज लागायची. एकाच रिंगणात दोन विमानं, दोघांमागे कागदाची लांब शेपटी, आणि आपल्या पंख्याने दुसऱ्याची शेपटी कापायची. मध्ये दोघे खांद्याला खांदा लावून फिरणार, कोपरं बरगड्यांत बसणार, शिव्यांना तर सुमारच नाही. महिन्याभराची मेहनत दोन मिनिटांत चिंध्या होऊन पडायची, आणि ज्याच्या चिंध्या झाल्या तोच सगळ्यांत मोठ्याने ओरडायचा, "पुन्हा लावा!"

जावई या झुंजीतला राजा. हँडल धरायला त्याला तारमास्तरनेच शिकवलं होतं, आणि त्याच्या हातावर खूष होऊनच मुलगी दिली होती. पोराचा हात चांगला आहे, असं तेव्हा तो गावभर सांगत फिरला होता.

झुंजीच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या तारा तपासायला त्याच्या घरी यायच्या. त्या शनिवारी दुपारी, कान फुटल्यापासून माहेरीच असलेली मुलगी बाहेरच्या खोलीत कानात कापूस घालून पडली होती. तारमास्तरने मागच्या खोलीचं दार लावून घेतलं, जावयाच्या तारांची गुंडाळी उघडली आणि खालच्या तारेवर बारीक कानस तीनदा फिरवली. तीनदाच. खालची तार तुटली की विमानाला फक्त चढणं ठाऊक राहतं. ते चढतं, डोक्यावर येतं, तारा सैल पडतात आणि फिरत्या पंख्यासकट ते हँडलवाल्यावरच कोसळतं. कॅप्टनच्या खांद्याचं हाड असंच मोडलं होतं, आणि तेव्हा इंजिन आजच्या निम्म्या ताकदीचं होतं.

दुसऱ्या कुणाचं डोकं तिथे नको, म्हणून झुंजीच्या यादीत जावयासमोर त्याने स्वतःचं नाव लिहिलं.

संध्याकाळी तो बाहेर आला तर मुलीची बॅग जागेवर नव्हती.

"जावई आले होते," बायको म्हणाली. "रडले. पाया पडायचेच बाकी राहिले. गेली ती."

"आणि तू जाऊ दिलीस?"

"तुम्ही घरातच होतात ना? दार लावून काय करत होतात?"

यावर त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते बायकोला सांगण्यासारखं नव्हतं.

रविवारी उडवण्याआधी प्रत्येकाच्या तारा स्प्रिंगच्या काट्याने ओढून बघतात. दहा किलोचा ताण सोसला तर पास. ओढणारा तारमास्तरच. जावयाच्या तारा त्याने चारपर्यंत ओढल्या आणि म्हणाला, "दहा. पास." काट्याकडे कुणी पाहिलं नाही. तारमास्तर दहा म्हणाला म्हणजे दहा.

मग जावयाचं विमान घेऊन कोण येतंय ते त्याला दिसलं. मुलीचा कान दुखावलेला, तेव्हा विमान धरायला क्लबातला गॅरेजवाला येईल असा त्याचा हिशेब होता. आली ती मुलगी.

इंजिन सुरू करून विमान धरून ठेवणारा आणि इशारा होताच सोडणारा, असा एक माणूस प्रत्येकाला लागतो. क्लबात मुलीसारखं हे काम कुणाला जमत नसे. बोटाच्या एका टिचकीत इंजिन पेटायचं. सहा वर्षांची असल्यापासून बापानेच शिकवलेलं. आणि त्यानेच शिकवलं होतं, की सोडण्याआधी तारा स्पिरिटच्या फडक्याने पुसायच्या, मग अंगठा आणि बोट यांत धरून टोकापासून टोकापर्यंत जायचं. डोळ्याला दिसत नाही ते अंगठ्याला कळतं, बाळ.

ती रिंगणाच्या कडेपासून तारांवरून अंगठा फिरवत निघाली. वरची तार झाली. खालच्या तारेवर मधेच तिचा हात थबकला.

आता ओरडेल, तारमास्तरला वाटलं. ओरड, बाई. होऊ दे शोभा. त्याला खरंच तेच हवं होतं त्या क्षणी, इतका तो घाबरला होता.

ती ओरडली नाही. तिने अंगठा तोंडात घालून चोखला, बापाकडे एकदा पाहिलं, आणि उरलेली तार शेवटपर्यंत तपासली. मग विमानापाशी परत येऊन, गुडघ्यावर बसून टिचकी मारली. इंजिन किंचाळलं. इंधनातल्या एरंडेलाचा निळा धूर तिच्या तोंडावरून गेला. तिने मोकळा हात उंच करून अंगठा दाखवला. म्हणजे सगळं ठीक. बाही खाली घसरली, आणि मनगटावर चार बोटांचे वळ दिसले. ताजे. कालच्या रात्रीचे.

कॅप्टनने निशाण पाडलं. तिने विमान सोडलं. तारमास्तरचंही विमान सुटलं, आणि दोघे पुरुष फिरू लागले.

पहिल्या फेरीतच जावयाचं कोपर त्याच्या बरगडीत बसलं.

"मामा, तिला जरा समजावा," जावई हसत त्याच्या कानाशी म्हणाला. नजर विमानावर. "मला काय हौस आहे? तीच हात उचलायला लावते."

तारमास्तरने टाच त्याच्या पायावर मारली. जावयाने खांद्याने ढकललं. वर विमानं एकमेकांच्या शेपटीमागे धावत होती. जावयाने झडप घातली, म्हाताऱ्याच्या कागदाचा तुकडा उडाला, कडेला लोक ओरडले. परत झडप. या वेळी पंखच कापला गेला, लाकडाची ढलपी वाऱ्यावर गेली. जावयाला चेव आला. त्याने मनगट जोरात खाली मोडलं.

टण्, असा एवढासा आवाज झाला. विमान चढायला लागलं.

जावयाला काही कळेना. तो हँडल हिसके देऊन ओढत होता आणि विमान चढतच होतं, सरळ डोक्यावर. तारमास्तरला मात्र सगळं माहीत होतं. दोन पावलं मागे सरायचं, बस. पंधरा दिवस तो याच दोन पावलांची वाट पाहत होता. सरताना त्याची नजर कडेला गेली. सगळ्यांनी डोळ्यांवर हात घेतले होते. मुलगी तेवढी ताठ उभी होती, न डोळे मिटता, गॅसवर ठेवलेलं दूध बघावं तसं बघत.

पाप आपण केलं, आणि हात तिचा लागला. हे काही ठरलं नव्हतं! तो मनातल्या मनात ओरडला, आणि हँडल टाकून त्याने जावयाच्या छातीत दोन्ही हातांनी धक्का दिला.

पडता पडता जावयाने सवयीने सासऱ्याच्या तोंडात ठोसा मारला. त्याच वेळी विमान आलं. तारमास्तरचा डावा हात अजून पुढेच होता. पंख्याने त्याच्यातली दोन बोटं नेली, इंजिन मनगटावर आदळून जमिनीत रुतलं, आणि रिंगणाच्या पलीकडे त्याचं स्वतःचं विमान नाकावर आपटून फुटलं. धुळीत गुडघे टेकून तो रक्त आणि एक दात थुंकला. सगळ्यांत आधी धावला तो क्लबातला एक दातांचा डॉक्टर. त्या बिचाऱ्याने सवयीने आधी दातच उचलला.

हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी जावई सफरचंदं घेऊन आला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि खोटं कशाला बोला, ते खरेच भरले होते.

"मामा, तुम्ही देवासारखे धावलात. तुम्ही नसता तर माझं डोकं..." त्याने नाक पुसलं. "कॅप्टन तुमचा सत्कार करणार आहेत. आता हिला घरी घेऊन जातो. अंगाला बोटसुद्धा लावणार नाही, शप्पथ."

मुलगी खाटेशी बसली होती. तिने चांगल्या कानाची बाजू त्याच्याकडे केली. मग पर्समधून वीतभर तार काढून चादरीवर ठेवली, आणि शेजारी आपला अंगठा. त्यावर पट्टी होती.

"ही खालची तार," ती म्हणाली. "टोक बघ. ही आपसूक तुटलेली नाही, कानशीने कापलेली आहे. मला सोडायच्या आधीच कळलं होतं."

जावयाने तार उचलली. तोही तारमास्तरचाच शिष्य, त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्याच्या तोंडाचा रंग उतरला.

"पण तू तर अंगठा..." त्याने तार उजेडात धरली. "कापली कुणी?"

"मी," तारमास्तर म्हणाला. गेलेल्या दातातून शब्द फसफसला, म्हणून त्याने पुन्हा नीट म्हटलं, "मी कापली."

"आणि मी सोडलं," मुलगी म्हणाली. "जा, कुणाला सांगायचं ते सांग. माझ्या कानाचा कागद डॉक्टरकडे आहे. मनगटाचे फोटो मी त्याच रात्री काढलेत."

जावई एकदा बापाकडे, एकदा लेकीकडे बघत राहिला. या दोघांपैकी कुणाला आधी घाबरावं, हे त्याला ठरवता येईना. सफरचंदं विसरून तो गेला. जाताना भिंतीच्या कडेकडेने गेला.

 तारमास्तरला रडू कोसळलं. इतकं की नर्सने दारातून डोकावून पाहिलं.

"तुझा हात लागायला नको होता, पोरी," तो म्हणाला. "एवढ्यासाठी मध्ये पडलो मी. त्याच्यासाठी नाही."

"माहीत आहे, बाबा."

"मी पडलो नसतो तर?"

तिने सफरचंद उचललं, पदराला पुसलं, आणि त्याच्या चांगल्या हातात दिलं.

"तर मग तिकडे बघत उभी होते ना मी," ती म्हणाली. "मी डोळे मिटले नव्हते. खा आता. डाव्या बाजूने चावा, उजवीकडे दात नाही तुम्हाला."