काठीमुक्तीचं कडं

खडाड्! आणखी एक काठी पेटीत पडली आणि सभागृहात टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसायला जागा नव्हती. डोकी बघावीत तर पांढरी, नाहीतर टकली, नाहीतर कालच रंगवलेली. चहा फुकट, बिस्किटं फुकट, रक्तदाबाची तपासणी फुकट. आणि स्टेजवर निळा टाय लावलेला एक माणूस, ज्याच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं.

"काका, पाय जुळवा. उजवा हात आडवा, खांद्याच्या रेषेत. मी फक्त दोन बोटं लावणार, बरं का!"

त्याने बोटं लावली न लावली तोच काका भेलकांडले. पांढरा कोट घातलेल्या दोन बायकांनी त्यांना वरच्यावर झेललं.

"बघितलंत? शरीरातला समतोल-प्रवाह तुटलाय! आता हे कडं घाला. अंतराळवीर घालतात. हं, आता मी लोंबकळतो. मला घाम फुटला, पण काका बघा, खांब!"

काका खरंच खांबासारखे उभे होते. "अगंबाई!" असा उद्गार पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

तिसऱ्या रांगेत आजी बसली होती आणि शेजारी तिची नात. नातीचा आवाज असा की घरात तिला सगळे भोंगा म्हणत. आजीने एकतीस वर्षं शाळेत खेळ शिकवले होते. निम्मं गाव तिच्या शिट्टीवर धावलं होतं. सहा महिन्यांपूर्वी ती न्हाणीघरात घसरली, खुब्यात सळई बसली आणि हातात काठी आली. ती काठी आजी अशी धरायची, जणू कुणीतरी 'जरा धरा हो' म्हणून दिलीय आणि परत न्यायला विसरलंय.

डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते, "पुन्हा पडलात तर चालणं संपलं. काठी सोडायची नाही."

"आता शेवटी," टायवाला गरजला, "आपली सगळी काठीमुक्त मंडळी स्वतःच्या पायांनी जिना उतरणार! खाली फोटोग्राफर उभा आहे!"

भोंग्याने आजीचा हात धरला. तो जिना तिने येताना मोजला होता. बावीस दगडी पायऱ्या, मधे झिजून गुळगुळीत झालेल्या, आणि एका बाजूला कठडाच नाही. चढायला आजीला पाव तास लागला होता.

"आजी, घरी जाऊया."

"भोंगा वाजवू नकोस."

"पण डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टरचं पोट बघितलंस का? दोन उठाबशा काढून दाखव म्हणावं, मग ऐकते." आणि आजी उठलीच.

स्टेजवर गेल्यावर तिनेही हात आडवा केला. टायवाल्याची बोटं लागली, आजी कलंडली. भोंगा खुर्चीतून अर्धी उठली. कोटवाल्या बायकांनी आजीला सावरलं, कडं चढवलं, पुन्हा हात आडवा. या वेळी तो दात-ओठ खाऊन दाबत होता आणि आजी ढिम्म हलली नाही. तिचा चेहरा असा उजळला की भोंग्याला क्षणभर वाटलं, खरं असेल तर? खरं असलं तर किती बरं होईल!

पण डोळे लबाड असतात, ते बघायचं ते बघतातच. पहिल्यांदा त्याची बोटं आजीच्या मुठीवर होती आणि किंचित बाहेर ओढत होती. दुसऱ्यांदा ती कोपरापाशी सरकली होती आणि जोर पायांकडे, आत चालला होता. कबड्डी शिकवताना आजीनेच तिच्या डोक्यात कितीदा तरी ठोकलं होतं, 'माणूस जोराने पडत नाही गं, दिशेने पडतो!'

आजीने काठी पेटीवर धरली.

"थांबा!"

भोंगा तो भोंगाच. खिडकीच्या काचा थरथरल्या.

"बाळ, मोठ्यांच्या कार्यक्रमात असं..." टायवाला मधासारखा हसला.

"बस खाली!" "काय ही आजकालची पोरं!" "आजीचं सुख बघवत नाही का गं तुला?" चहूकडून आवाज उठले. भोंग्याचे कान लाल झाले, पण पाय पुढे गेले.

"मलाही तसंच करून दाखवायचंय. एकदाच. कुणी येता का?"

पहिल्या रांगेतले आडदांड ड्रायव्हरकाका उठले. सगळा जन्म बस चालवण्यात गेलेला. "करू द्या की पोरीला. माझी काय गाडी सुटतेय?"

"कोटवाल्या मावशी, मागे उभ्या राहा. काकांना झेलायचंय."

"मला? झेलायचं?" काका खो खो हसले. भोंग्याने त्यांच्या मुठीवर दोन बोटं ठेवली, हलकेच बाहेर दाबली, आणि ते धूड मावशींच्या अंगावर कलंडलं. हशा पिकला.

मग तिने स्वतःच्या केसांचं रबर काढलं. केस तोंडावर आले ते फुंकरीने उडवत ती म्हणाली, "सभ्य स्त्री-पुरुषहो, हे रबर! कोपऱ्यावरच्या दुकानातलं! याला काल तेलही लागलंय!" रबर काकांच्या मनगटात गेलं. तिने कोपरापाशी दोन्ही हात टेकले आणि सगळा भार टाकून लटकली. काका जागचे हलले नाहीत.

भोंगा हात सोडून बाजूला झाली.

"काका, काय वाटलं?"

"अगं, मघाशी तू मला बाहेर ओढलंस. आता तर खुंटीसारखी जमिनीत ठोकतेयस. कसा पडेन?"

"योगायोग!" टायवाला ओरडला. "आमच्या कड्याच्या लहरी वीस फुटांपर्यंत जातात, त्या रबरात शिरल्या!"

मागून कुणीतरी म्हणालं, "मग आम्ही कशाला घ्यायचं? शेजाऱ्याला घ्यायला सांगू!"

"असं करू," भोंगा म्हणाली, "दोघांच्या मनगटांवर रुमाल बांधू. एकाच रुमालात कडं. कुठल्या, ते तुम्हाला सांगायचं नाही. मग कडं नसलेल्यालाच पाडून दाखवा."

"श्रद्धा नसली की कडं काम करत नाही!"

"अहो, मघाशी काकांच्या हातातल्या रबरावर कुणाची श्रद्धा होती?"

टायवाल्याने उत्तरासाठी तोंड उघडलं, पण सगळ्यांचं लक्ष आजीकडे गेलं. काठी अजून पेटीवर अधांतरी होती. आजी नातीकडे बघत नव्हती, स्वतःच्या कोपराकडे बघत होती. तिथे टायवाल्याच्या बोटांचे लाल वळ होते. मुठीवर काहीच नव्हतं.

काठी खाली आली. पेटीत नाही, जमिनीवर. टक्.

"या हो, टायवाले," आजी म्हणाली. तो आवाज ऐकून मैदानावरची शंभर पोरं एका ओळीत उभी राहायची. "पाय जुळवा. हात आडवा. कडं घाला. एक नको, दोन घाला."

"आई, माझं काय..."

"हात आडवा!"

हात आपोआप वर गेला. आजीने डावा हात काठीवर टेकवला आणि उजव्या हाताची दोन बोटं त्याच्या मुठीवर ठेवली. खुब्यात सळई असलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या बाईची दोनच बोटं. बाहेर, जरा खाली. दोन कडी घातलेला टायवाला दोन पावलं नाचला आणि धाडकन काठ्यांच्या पेटीत जाऊन बसला.

मग काही कुणी ऐकेना. आपापली काठी शोधायला स्टेजवर झुंबड उडाली. टायवाला पेटीतून उठून टाय सरळ करत मागच्या दाराने कधी सटकला, ते कोटवाल्या मावशींनाही कळलं नाही. एक म्हाताऱ्या बाई मात्र कडं काढेनात. "मला त्याने बरं वाटतं," त्या हळूच म्हणाल्या.

"मग घाला," आजी म्हणाली, "पण काठी टेकत घाला. आणि सगळेच ऐका. औषध असो, कडं असो, यंत्र असो, टाळी वाजवण्याआधी म्हणायचं, 'आता मी करून बघतो, माझ्या पद्धतीने.' माल खरा असेल तर विकणारा खुशाल करू देईल. चिडला, श्रद्धा मागायला लागला, की उठायचं आणि घरी जायचं. आपण म्हातारे झालोय. विचार करायचं काम अजून कुणी आपल्याकडून काढून घेतलेलं नाही."

जिन्याच्या तोंडाशी आजी थांबली. भोंग्याने हात पुढे केला.

"एकतीस वर्षं मी हेच शिकवलं," आजी पुटपुटली, "आणि माझ्याच हातावर मला कळलं नाही."

"का गं आजी?"

"पडायची भीती वाटते गं. रोज. तो म्हणाला, आता पडणार नाही. त्यापुढचं मी ऐकलंच नाही."

 भोंगा कठडा नसलेल्या बाजूला जाऊन उभी राहिली. आजीने आधी काठी टेकली, मग दुखरा पाय, मग चांगला. अशा बावीस पायऱ्या, एकही न चुकता.