कागदावरच्या एकतीस आया

शिवराजने दुकानाचं शटर आतून खाली ओढलं तेव्हा मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मार पडणार हे कळलं होतं, आणि चष्मा नवा होता.

"काका, पोरांना फोन तुम्ही केले का?"

"एकतीसच्या एकतीस जणांना मीच केले."

"परतावा वापस भरा म्हून?"

"व्याजासकट."

पहिली थप्पड कानावर बसली. त्यानंतर तो काय बोलला ते ऐकूच आलं नाही, नुसतं त्याचं तोंड हलताना दिसत होतं.

मुकुंदवाडी स्टेशनच्या रस्त्यावर मी सव्वीस वर्षं लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देतोय. शिवराज चिकलठाण्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर. त्याच्या हाताखालची सगळी पोरं तोच माझ्याकडे आणायचा. तीन वर्षांपूर्वी म्हणाला, "काका, समद्यांच्या आया अपंग दाखवा. लई सूट भेटती म्हनं."

"आहेत का अपंग?"

"म्हाताऱ्या हायेत की. अजून काय पायजे?"

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मी पटवून घेतलं.

यंदा आमच्यासारख्या विवरणपत्रं भरणाऱ्यांसाठी एका संघटनेने रविवारचा वर्ग काढला. सक्ती नाही, परीक्षेचा धाक नाही, ज्याला वाटेल त्याने यावं. बायको म्हणाली, "साठीला शाळा? कोणी बोलावलंय का तुम्हाला?" कोणीच बोलावलं नव्हतं. नवीन पोरं माझ्यापेक्षा भराभर काम करायला लागली होती, त्या पोटदुखीने मी गेलो.

शिकवायला नीरजा नावाची मुलगी होती, माझ्या लेकीपेक्षा लहान. तिने एक प्रश्न लिहून द्यायला सांगितला: अपंग अवलंबिताची वजावट घेताना कोणता पुरावा लागतो? मी लिहिलं, 'ग्राहकाचं तोंडी सांगणं.' तिने उत्तर मोठ्याने वाचलं.

"काका, उद्या मी म्हटलं तुम्ही आंधळे, तर तुम्ही आंधळे का?"

वर्ग हसला. मीही हसलो. सरकारी डॉक्टरांचा दाखला लागतो म्हणे. घरी न जाता तसाच दुकानात आलो आणि कॉम्प्युटर उघडून बसलो. तीन वर्षांत मी एकतीस धडधाकट बायांना अधू करून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन लावायला घेतले.

संध्याकाळी शिवराज आला तो असा.

त्याने मला कॉलरला धरून लोखंडी कपाटाशी नेलं. "याच हातानं भरलं ना समदं?" म्हणत माझा उजवा हात कपाटाच्या फटीत दाबला आणि दार आदळलं. एकदा, मग परत. हाड मोडतं तेव्हा सुपारी फोडल्यासारखा आवाज येतो. मी ओरडलो असेन. डाव्या हाताला टेबलावरचं पंचिंग मशीन लागलं, ते त्याच्या कपाळात घातलं. तो रक्ताळून खाली बसला, तरी पुन्हा घातलं. दुसऱ्यांदा घालायची गरज नव्हती. बरं वाटलं म्हणून घातलं.

पोलिसात मी तक्रार दिली, त्यानेही दिली. दोन्ही खऱ्या होत्या.

चौथ्या दिवशी त्याची आई घरी आली. द्वारकाबाई लासूरहून एकट्या पॅसेंजरने आल्या, आमचे तीन जिने चढल्या, आणि त्यांना साधी धाप लागली नव्हती.

"मला काय झाल्यालं लिवलं व्हतं?"

"चालता येत नाही, असं."

"लिवलं कोनी?"

"शिवराजने सांगितलं. लिहिलं मी."

त्यांनी माझं प्लास्टर पाहिलं. "त्याला हानलं त्ये बरं केलं," म्हणाल्या, आणि उठून माझ्या थोबाडीत दिली. जन्मभर राबलेला हात होता. माझं डोकं भिंतीवर आपटलं. बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

"यमुना, चहा टाक," मी म्हणालो.

द्वारकाबाई चहाला थांबल्या नाहीत. जिना उतरतानाची त्यांची ठाम पावलं खालपर्यंत ऐकू येत राहिली, आणि मला भयंकर लाज वाटली.

एकतिसातले निम्मे निमूटपणे येऊन विवरणपत्रं दुरुस्त करून गेले. बाकीच्यांनी दुसरा माणूस धरला. रविवारचा वर्ग मी चुकवला नाही.

हात काही पूर्ववत झाला नाही. अंगठा आणि दोन बोटं कामातून गेली ती गेलीच. सहा महिन्यांनी सरकारी दवाखान्यात अपंगत्वाच्या दाखल्यासाठी गेलो. डॉक्टरांनी बोटं वाकवून, दाबून पाहिली आणि माझा व्यवसाय विचारला.

"काका, पस्तीस टक्के भरतंय. तुम्हाला तर माहितीच असेल, स्वतःची वजावट घ्यायला चाळीस लागतात." मग हळू आवाजात म्हणाले, "खरोखर हात गेलाय तुमचा. पाचाने काय होतंय? करू का चाळीस?"

मला मोह झाला. हात माझा होता, दुखणं माझं होतं, आणि या वेळी लिहिणारा मी नव्हतो. डॉक्टर पेन उचलून वाट बघत होते.

"पस्तीसच लिहा," मी म्हणालो.

त्यांनी खांदे उडवले, लिहिलं, आणि कागद सहीसाठी माझ्याकडे सरकवला. डाव्या हाताने नाव गिरवायला मला बराच वेळ लागला. मागे रांग होती, पण कोणी घाई केली नाही.