एका दिवसाचे डोहाळे

कढईवरचं गोणपाट ओढताच शिजत्या हळदीची वाफ उसळली आणि रूपाबाई तोंडाला पदर लावून बांधाकडे धावली. पोटात होतं नव्हतं ते सगळं बाहेर पडलं.

तोंड धुवून वळते तर सासू मागे उभी. पाच वर्षांत सुनेला वांझोटीशिवाय दुसरी हाक न मारलेली गोजरबाई आज लेकराला विचारावं तसं विचारत होती.

"हळदीचा वास नको झाला व्हय गं? कवापासून?"

"कालपासून, आत्याबाई."

"शेषा!" जाळ घालणाऱ्या लेकाला गोजरबाईनं हाक मारली. "उद्या जवळा बाजार गावाला पोरगी बघायला जायचं न्हाई. दुसरं लगीन राहू दे आता. सकाळी एसटीडीच्या फोनवरून तसा निरोप धाड."

रूपाबाईनं तिथंच सांगायला हवं होतं. पाळी जवळ आली की दर महिन्याला तिचं नाक असंच तिखट व्हायचं. रॉकेल, फोडणी, बैलाचा घाम, सगळं अंगावर धावून यायचं. यंदा ते ऐन हळदीच्या दिवसांत आलं, एवढंच. पण ओठांवर आलेलं तिनं गिळलं. सवत दारातून परत जात असताना कोणती बाई तिला हाक मारून बोलावील?

त्या संध्याकाळी तिचे लाड झाले. गोजरबाईनं गरम भाकरीवर तूप-गूळ चोळून दिला. शेषरावनं चिंचा आणल्या आणि साबणानं दोनदा हात धुऊन तो तिच्याजवळ येऊन बसला.

"अजून येऊन राहिला का वास?"

"न्हाई."

येत होता. साबणाखाली हळदीचा, हळदीखाली त्याचा स्वतःचा. किती महिन्यांनी तो इतका जवळ बसला होता! आणि जिला आपल्या नाकाची सगळी लबाडी ठाऊक, तीच वेडी बाई मनात म्हणाली, या खेपेला खरंच असलं तर?

सकाळी देवापुढं नारळ ठेवून गोजरबाई बाहेर आली. रूपाबाई अंगणाच्या कडेला पोत्यावर वेगळी बसली होती. शेजारी पाण्याचा वेगळा तांब्या. त्या घरात बाई अशी बसली की विचारायचं काही उरत नसे.

गोजरबाई उंबऱ्यातच टेकली.  मग आत बघून म्हणाली,

"शेषा, धुतलेला सदरा घाल. गाडी चुकंल."

शेषराव अंगणात आला. गळ्याचं बटण त्याला लागेना. दोनदा बोटांतून निसटलं. रूपाबाई पोत्यावरून उठली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. विटाळशीचं बोट लागलं म्हणून भरला माठ फोडणारी गोजरबाई उंबऱ्यातून बघत होती. तिनं तोंड फिरवलं.

रूपाबाईनं बटण लावलं, कॉलर सारखी केली.

"जावा," ती म्हणाली. "उशीर व्हतो."