माहेरच्या गठ्ठ्यातला कागद

“कागद गावावार लाव, कस्तुरा. माणूस नंबर इसरंल, गाव न्हाई.” लक्ष्मीबाई सिस्टर दवाखाना सोडून जाताना असं बोलल्या होत्या. केसपेपरच्या खिडकीत बसून कस्तुराबाईनं ते इमानानं पाळलं. पेडगावचा गठ्ठा वेगळा, बोरीचा वेगळा.

पंचफुला तापानं फणफणत आली तेव्हा गाव सासूनंच सांगितलं, “बोरी.” बोरीच्या गठ्ठ्यात तिचं नाव नव्हतं. कस्तुराबाईनं कोरा कागद केला, डॉक्टर माणिकरावांनी त्यावर पेनिसिलिन लिहिलं.

नव्या सिस्टर सुई भरायला लागल्या तशी पंचफुला हळूच म्हणाली, “बाई, मागं इथंच एका सुईनं माझा जीव चाललाता. ही तीच तर न्हाई?”

“कवा गं?” कागद घेऊन आलेल्या कस्तुराबाईनं विचारलं.

“थोरलीच्या येळंला. माहेरी व्हते, पेडगावला.”

कस्तुराबाई खिडकीकडं धावली. पेडगावचा गठ्ठा तिनं भराभरा सोडला. कागद होता, त्यावर लाल शाईत ‘देऊ नये’ म्हणून तेच औषध. डॉक्टरांनी दुसरं लिहून दिलं.

“मला काय ठावं, दवाखान्याला सुनंचं माहेरबी लागतं!” सासू चांगुणाबाई पुटपुटली. “सोयरीक जुळवायलाय का काय?”

सगळे हसले, पंचफुला हसली नाही. “दुसऱ्या गावी ताप आला तर काय सांगू? मला त्या सुईचं नाव बी घेता येत न्हाई.”

“मी लिहून आणून देते,” कस्तुराबाई म्हणाली.

दुपारी डॉक्टर येत्या सालाचा आराखडा घेऊन बसले. जिल्ह्याला पाठवायचा होता. “गावावार गठ्ठे बंद. प्रत्येकाला जन्मभराचा एकच नंबर.”

“आन् तो ध्यानात कोण ठेवणार, साहेब?” कस्तुराबाईनं विचारलं.

“कार्ड द्यायचं घरी न्यायला.”

“चुलीत जाईल,” सिस्टर म्हणाल्या.

“कुंकवाच्या करंड्याखाली ठेवायला सांगू. तिथलं कुणी जाळत न्हाई,” कस्तुराबाई म्हणाली. “आन् त्याच्यावर सासर-माहेर दोन्ही लिहू. गाव आमी बाया बदलतो, हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई.”

डॉक्टरांनी दोन्ही रकाने आखले. आराखडा गेला, मंजुरी कधी यायची ते देवाला ठाऊक.

शनिवारी कस्तुराबाईचा उपवास. नरसिंहाला दिवा लावून तिनं लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा कापला. कोऱ्या बाजूला पंचफुलाचं नाव, दोन्ही गावं आणि खाली लाल शाईनं त्या औषधाचं नाव लिहिलं. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदात थांबलेल्या एस.टी. कालच पुन्हा सुरू झाल्या होत्या. कुणाला काही न सांगता तिनं पदर खोचला आणि बोरीच्या गाडीसाठी स्टँडची वाट धरली.