देठाची दुमडपट्टी

दह्याच्या रिकाम्या डबीत टोमॅटोची चार रोपं होती आणि चारही आडवी झाली होती. माझी नात भिंगरी शाळेचा मोजा एकाच पायात चढवून त्यांच्याकडे बघत बसली होती.

बी तिने आणि वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीने मिळून लावलं होतं, मधल्या सुट्टीत वाटून खाल्लेल्या टोमॅटोचं. आता मैत्रीण रविवारी दुसऱ्या गावी राहायला चालली होती आणि यातलं एक रोप तिला द्यायचं ठरलं होतं. माझा लेक म्हणाला, नर्सरीतून चांगलं आणू. भिंगरीने त्याच्याकडे अशी काही नजर टाकली, की तो चहाचा कप घेऊन बाहेर गेला.

मी आमच्या हौशी बागवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला. दातांच्या डॉक्टरांनी लगेच विचारलं, डबी ठेवली कुठे होती? फ्रिजवर. कोंब येईपर्यंत तिथे उबेला ठेवा, हे त्यांनीच सांगितलं होतं. कोंब आल्यावर खाली काढायचं आम्ही दोघी विसरलो आणि बिचारी उजेड शोधत नुसती लांबत गेली. बस चालवणारे काका म्हणाले, धरायला दांडी नसलेले प्रवासी आहेत ते, पडणारच. खिडकीत ठेवा आणि रोज वरून हलका तळहात फिरवा, डुलून डुलून देठ घट्ट होतात.

भिंगरीचे कपडे शिवणाऱ्या शिंपीणबाईंचं म्हणणं वेगळंच. एकेक रोप वेगळ्या पेल्यात घ्या आणि पानांपर्यंत मातीत गाडा. हे ऐकून भिंगरीने त्यांना फोनच लावायला लावला.

"मावशी, गळ्यापर्यंत माती घातली तर ते गुदमरेल ना?"

"तुझा झगा लांब झाला तर मी काय करते गं?"

"आत दुमडता."

"मग हेही आत दुमड. टोमॅटोच्या देठालाच मातीत मुळं फुटतात."

भिंगरीने आधी झग्याची दुमडपट्टी उलटून पाहिली, मग चमचा घेतला. पहिलं रोप देठाला धरून उचललं आणि ते मोडलं. तिचे डोळे भरून आले. मी चमचा काढून घेतला नाही. पानाला धरायचं, एवढंच दाखवलं. उरलेली तिन्ही तिनेच लावली, जीभ बाहेर काढून.

दुसऱ्या दिवशी त्यातली दोन रोपं माना टाकूनच होती. मग एकेक करून सावरली. तळहात फिरवण्यावरून तर घरात भांडणं. लेकाने पाळी नसताना हात फिरवला म्हणून त्याला बोलणी बसली.

रविवारी सामान भरून गाडी सुरू झाली, तेव्हा भिंगरी पेला घेऊन धावत खाली गेली. मैत्रिणीने तो मांडीवर घेतला आणि विचारलं, हे एवढं बुटकं का? झालं. भिंगरी खिडकीला लटकून शिकवायला लागली. उजेड, तळहात, पानाला धरणं, एकही पायरी गाळली नाही. मैत्रिणीच्या आईने दोनदा घड्याळ पाहिलं. वडिलांनी मात्र गाडी बंद केली आणि मान वळवली.

"आणि पाणी किती घालायचं?"

"आधी मातीत बोट घालून बघायचं, काका," भिंगरी म्हणाली. "घाला ना, आत्ता."

काकांनी बोट घातलं.