किरकोळ बदल

आवाजातली खरखर काढणारा एक प्रोग्राम होता, कुणीही फुकट वापरावा आणि कुणीही दुरुस्त करावा असा. तो लिहिणारी हुशार मंडळी देशोदेशी विखुरलेली, पण तो वापरायचा कसा हे लिहायची वेळ आली की सगळे काखा वर करायचे. ते काम भाचीने अंगावर घेतलं होतं. दीडशे पानं, आणि एका पानावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या शेकडो लिंका. घरची झाडं वाळायची, पण पानांची निगा ती चोख राखायची.

एका रविवारी तिला 'मूळ प्रत आधी वेगळी ठेवा' हे शीर्षक लांबलचक वाटलं. तिने ते 'पूर्वतयारी' केलं. बदलाचं कारण विचारतात, तिथे लिहिलं, 'किरकोळ'. जुन्या शीर्षकाचा पत्ता धरून येणारी एक लिंक मात्र बदलायची राहून गेली. अशी लिंक तुटल्याचं सांगतही नाही, मुकाट्याने पानाच्या अगदी वर नेऊन सोडते. तुम्ही-आम्ही चार शिव्या घालून खाली सरकतो.

तिचा मामा तुमच्या-आमच्यातला नव्हता. त्याने चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती, छापलेल्या ओळीपुढे स्वतःचं डोकं चालवायचं नाही हा त्याचा धर्म. मामीला जाऊन दोन वर्षं झाली होती. तिचा आवाज एकाच कॅसेटवर होता, अकरा मिनिटं, पंख्याच्या घरघरीत बुडालेला. दुकानात कॅसेटची फाईल करून घेताना फीत तुटली, म्हणजे आता ती फाईल तेवढी उरली. घरघर काढायला हा प्रोग्राम भाचीनेच सुचवला. "पानावर लिहिलंय तस्सं कर," असं वर बजावलंही.

सोमवारी दुपारी त्याचा फोन आला. "चिमणे, पान छान लिहिलंयस. एक वेलांटी चुकलीय फक्त. पण सगळं करून झालं, तर हिचा आवाजच येत नाही गं."

ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून धावत गेली. टेबलावर कागद होता. त्यावर पायऱ्यांचे आकडे, आणि पहिल्या चारांपुढे सात-सात बरोबरच्या खुणा.

"चौथ्या पायरीवर म्हटलंय, जतन करण्याआधी इथे वाचा," मामा म्हणाला. "ते दाबलं की पहिली पायरी येते. म्हटलं, पुन्हा करायचं असेल. सात वेळा केलं. मग मान भरून आली, जतन करून टाकलं."

"मधे एकदाही ऐकलं नाहीस?"

"ऐकून पाहा ही पाचवी पायरी आहे," तो म्हणाला.

पहिल्या फेरीत पंखा गेला होता. पुढच्या प्रत्येक फेरीत मामी थोडी थोडी गेली, आणि जतन झालं ते त्याच फाईलवर. भाचीने कॉम्प्युटर पालथा घातला. दुकानदाराला फोन केला, तो दर शनिवारी सगळं पुसून टाकत होता. हुशार मंडळींना लिहिलं. तासाभरात तिघांची उत्तरं आली, तिन्ही फार सभ्य, तिन्ही एकच.

"मामा, चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी एक शीर्षक बदललं, त्याने ती लिंक तुटली." आणि जुनं शीर्षक काय होतं तेही सांगितलं.

"नवं काय केलंस?"

"पूर्वतयारी."

मामाने दोन्ही मनातल्या मनात वाचून पाहिली. "जुनं बरं होतं," तो म्हणाला.

तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. करण्यासारखं एवढंच उरलं होतं, म्हणून तिने तिथेच बसून लिंक दुरुस्त केली. दहा सेकंदांचं काम. बदलाचं कारण विचारणारी चौकट उघडली आणि तिचाच जुना शब्द चौकटीने आपणहून पुढे केला, 'किरकोळ'. मामा मागे उभा राहून सवयीने पडद्यावरचं अक्षर न् अक्षर वाचत होता. तिने तो शब्द घाईघाईने खोडला. दुसरा कुठला लिहावा ते तिला सुचेना.

"ती वेलांटीही करून टाक त्यातच," मामा म्हणाला, आणि कागदावर पाचव्या पायरीपुढे बरोबरची खूण करून पेनाचं टोपण लावलं.