उजवीकडचे दात

झाड कलायला लागलं तेव्हा दवाखान्याचा पहारेकरी पाणी प्यायला उठला होता. तो नळापर्यंत पोचला असेल नसेल, तोच मागे त्याचं बाकडं भिंतीसकट चेपलं गेलं. झाड पडायचं होतं मोकळ्या मैदानात, पडलं दवाखान्याच्या कुंपणाच्या भिंतीवर.

धूळ खाली बसली. मग मुकादम माझ्या मेहुण्याकडे वळला. झाड कापायचं मशीन त्याच्या हातात होतं.

"काय केलंस हे?"

"हात वाकला माझा."

"एवढी वर्षं नाही वाकला. आज बरा वाकला."

"वाकला खरा."

मुकादमाने मशीन त्याच्याकडून काढून घेतलं. "उद्यापासून फांद्या ओढ तू," म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "दाजी, तुमच्या धारेला नाव ठेवायला जागा नाही. पण धरणारा हात धड नको का?"

मेहुण्यामुळे सगळी टोळी मला दाजीच म्हणते. मी मान हलवली. हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही, नुसती मान हलवली. पहारेकरी नळाची तोटी धरून तसाच उभा होता. पाणी वाहत होतं.

तीस वर्षं मी झाडं कापायच्या मशीनच्या साखळ्यांना धार लावतो आहे. साखळीचा एक दात डावा, पुढचा उजवा, असे आळीपाळीने असतात. आधी एका बाजूचे सगळे घासायचे, मग मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे. दर दाताला कानस तीनदा पुढे ढकलायची, सारख्या जोराने, आणि परत आणताना उचलायची. कोणी नवखा ती मागेपुढे रगडायला लागला की मी विचारायचो, "तोंड धुतोयस का साखळीचं?" सगळे हसायचे. मलाही बरं वाटायचं.

बोथट दाताची कड उन्हात चमकते. धार आली की ती चमक जाते. आमची सगळी विद्या एवढ्यावर आहे. गेल्या वर्षापासून माझ्या उजव्या डोळ्यावर पडदा आला होता आणि त्या डोळ्याला सगळंच चमकताना दिसत होतं. उजवी रांग घासताना तोच डोळा पुढे यायचा आणि तिची चमक काही जाईना, म्हणून मी तीनदाऐवजी पाचदा ढकलायचो. कधी सहादा. मशीन चालवलं की ढलप्या उडायच्या, भुशाचं पीठ पडत नव्हतं. म्हणजे धार आहे, असं मी स्वतःला सांगत होतो. डोळ्याचं कोणालाच सांगितलं नव्हतं, घरातसुद्धा नाही. ज्याला चमक गेलेली दिसत नाही त्याच्या हातात कानस कोण ठेवेल?

झाड पडलं त्या संध्याकाळी मशीनची साखळी फडक्यात गुंडाळून घरी नेली. बायको दारात उजेडाला बसून उशीच्या अभ्र्याला गुंडी लावत होती.

"जरा बघ गं," मी म्हणालो. "दोन्हीकडचे दात सारखे आहेत का?"

तिने साखळी मांडीवर पसरली. काडेपेटीतली काडी काढून मापासाठी एका दाताला लावली, मग शेजारच्याला.

"सारखे? अहो, एक रांग घोड्याची आणि एक उंदराची."

"लहान कुठले?"

"उजवीकडचे." तिने मान वर केली. "तुम्हाला दिसत नाही?"

मी उजवा डोळा चोळला. ती सगळं समजली. एकाच बाजूचे दात आखूड झालेली साखळी सरळ कापत नाही, लांब दातांकडे ओढत जाते. झाड पाडताना मागून काप घेतात आणि मधे बिजागरीसारखी लाकडाची पट्टी शिल्लक ठेवतात. तिच्यावर झाड वळतं. काप वाकडा गेला, पट्टीची एक बाजू तुटली आणि झाड भलतीकडे फिरलं. हे मला झाड पडतानाच कळलं होतं, बायकोकडून फक्त खात्री करून घेतली. मान हलवली तेव्हाही माहीत होतं. दिवसभराचं सगळं मी तिला सांगितलं.

"माझा भाऊ फांद्या ओढणार आणि तुम्ही गप्प?" बायकोने विचारलं.

तेवढ्यात मेहुणाच आला. बहिणीच्या मांडीवरची साखळी त्याने पाहिली, पायताण काढलं आणि उंबऱ्यावर टेकला.

"महिना दीड महिना मशीन एका बाजूला ओढतंय, दाजी," तो म्हणाला. "मी मनगटानं सांभाळत होतो. आज खोड जाड होतं, नाही सांभाळता आलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"एकदा म्हणालो होतो. साखळी बघा जरा म्हणून."

मला आठवलं. मी चारचौघांत म्हणालो होतो, "नाचता येईना तर मला सांगतोस होय?" असं काहीतरी. सगळे हसले होते. तोही हसला होता.

"मशीन धरायला तुम्हीच शिकवलंत," मेहुणा म्हणाला. "तुमची साखळी वाईट, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

बायकोने चहा टाकला. त्याने तो उभ्यानेच घेतला. त्याचं उजवं मनगट सुजलेलं होतं. दीड महिना तो रोज माझ्याशेजारी बसून जेवत होता आणि मला ते दिसलं नव्हतं. ते न दिसायला डोळ्याचं निमित्त देता येणार नाही.

सकाळी टोळी जमली तेव्हा मी मुकादमाला म्हणालो, "चूक त्याची नाही. साखळी माझ्यामुळे बिघडली."

मुकादम हसला. "दाजी, मेहुण्याला पाठीशी घालू नका. बायकोनं पाठवलं का?"

दोघेतिघे हसले. तेवढ्यावर गप्प बसता आलं असतं. सांगितलं, कोणी ऐकलं नाही, माझं काम झालं. मेहुणाही म्हणाला, "जाऊ द्या दाजी." खरं सांगायचं तर क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलंही होतं. त्याचीच जास्त लाज वाटते.

मी ती साखळी मशीनच्या लोखंडी पट्टीवर चढवली आणि मशीन मुकादमाच्याच हातात दिलं. "हे बुंध्याचं टोक कापा. जोर लावू नका, मनगट मोकळं ठेवा."

त्याने कापलं. ढलप्या छान उडाल्या. काप मात्र सरळ सुरू झाला आणि वळत वळत भलतीकडेच निघाला. ओंडका सुटला, तो त्याने पायाने उभा केला. एका बाजूला उंची वीतभर, दुसऱ्या बाजूला त्याच्या दीडपट. सगळ्यांनी पाहिलं. आता कोणी हसत नव्हतं.

"कधीपासून?" मुकादमाने विचारलं.

"वर्ष झालं असेल. डोळा गेलाय उजवा."

त्याने ओंडक्याच्या वाकड्या कापावरून हात फिरवला. मग मशीन मेहुण्याला दिलं. मी खिशातली कानस काढली, लाकडी मूठ पुढे करून तीही त्यालाच दिली. तो घेईना. मी त्याच्या शर्टाच्या खिशात खोचली.

मुकादम मला घरी जा म्हणाला नाही. फांद्या ओढायला माणूस हवाच होता.

दुपारी पहारेकऱ्याने तो ओंडका लोळवत नेला आणि पडक्या भिंतीशी, बाकड्याच्या जागी मांडला. मी फांदी ओढत तिथूनच चाललो होतो.

"बसायला बरा आहे," तो म्हणाला. "कलतोय जरा."

"दुसरा सरळ कापून द्यायला सांगतो त्यांना."

"राहू दे हो. चालतंय."

तीन दिवस आम्ही तिथे होतो. प्रत्येक खेपेला मला पहारेकरी दिसायचा. कलत्या ओंडक्यावरून घसरू नये म्हणून डावा पाय लांब रोवून बसलेला.